ब्रिटनमध्ये ग्राउंड इंजिनिअरिंग टीमची प्रमुख व्हायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलमध्ये बीई, जिओटेकमध्ये (माती आणि पायाचं शास्त्र) एमटेक, भारतात सात वर्षं सॉईल इन्व्हेस्टिगेशन आणि पाइल (इमारतीचा भार खोल जमिनीत नेणारा खांब) डिझाइनचा अनुभव. नवऱ्याच्या नोकरीमुळे ब्रिटनला जायचं आहे. तिथे पुन्हा एमएस्सी करावी का, शून्यापासून सुरुवात करावी लागेल का, आणि ग्राउंड इंजिनिअरिंग टीमची, म्हणजे जमीन तपासून पाया आणि खोदकामाचं डिझाइन करणाऱ्या टीमची, प्रमुख होण्यासाठी नेमकं काय लागतं?

आधी सरळ उत्तर. पुन्हा एमएस्सी करण्याची घाई करू नका. शून्यापासून सुरुवात होणार नाही, पण दोन पायऱ्या खाली उतरावं लागेल आणि तसं उतरलेलंच बरं. चार्टर्ड, म्हणजे व्यावसायिक संस्थेची मान्यता मिळालेली इंजिनिअर, व्हायला साधारण दोन-तीन वर्षं धरा आणि टीम हातात यायला त्यापुढे आणखी तीन-चार. हा काळ कमी होतो तो गणित जास्त येतं म्हणून नाही. जमिनीबद्दल आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि जे माहीत नाही त्याची जोखीम कोणी घेतली आहे, हे जिच्या कागदावर स्पष्ट दिसतं तिच्याकडे टीम लवकर येते. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहितो आहे.

नोकरी शोधताना एक गोष्ट बऱ्याच जणी लपवल्यासारखी ठेवतात. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला डिपेंडंट व्हिसा मिळाला, की वेगळ्या स्पॉन्सरशिपशिवाय नोकरी करता येते. हे सीव्हीच्या पहिल्याच ओळींत लिहा. स्पॉन्सरशिपची कटकट नाही असं दिसलं की छोट्या कन्सल्टन्सीही तुमचा विचार करतात, आणि जिओटेकमध्ये छोट्या कन्सल्टन्सीत एका वर्षात जेवढं शिकायला मिळतं तेवढं मोठ्या कंपनीत तीन वर्षांतही मिळत नाही. दुसरी गोष्ट नावाची. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने आणि अनुभवपत्रांत मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, हा घोळ निघण्यापूर्वी मिटवा. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असल्यास गॅझेटची प्रत हाताशी ठेवा. व्यावसायिक कामासाठी एकच नाव ठरवा आणि संस्थेची नोंदणी, ईमेल, रिपोर्टवरची सही अशा सगळ्या ठिकाणी तेच वापरा. काही वर्षांनी चार्टरशिपच्या फाइलमध्ये एकाच व्यक्तीची तीन नावं जुळवत बसणं फार त्रासाचं होतं.

पहिलं वर्ष प्रामुख्याने मातीचं वर्णन पुन्हा शिकण्यात जातं. यात कमीपणा मानू नका, कारण तिथला प्रत्येक वरिष्ठ माणूस नव्या इंजिनिअरचा बोअर लॉग (बोअरहोलमधल्या थरांची नोंद) आधी वाचतो आणि त्यावरूनच तिच्याबद्दल मत बनवतो. भारतीय मानक आयएस १४९८ मध्ये वाळू ०.०७५ ते ४.७५ मिमी. ब्रिटिश मानक बीएस ५९३० आणि त्यामागच्या आयएसओ १४६८८ मध्ये वाळू ०.०६३ ते २ मिमी आणि त्यापुढे ६३ मिमीपर्यंत ग्रॅव्हल (खडी). म्हणजे भारतात जिला भरड वाळू म्हणायचो ती तिथे ग्रॅव्हल ठरते. खरा सापळा मात्र याहून खोल आहे. भारतीय पद्धतीत ७५ मायक्रॉन चाळणीतून निम्म्याहून जास्त माती गेली की ती बारीक माती. ब्रिटनमध्ये नाव टक्केवारीवरून पडत नाही, माती वागते कशी त्यावरून पडतं. वाळू निम्म्याहून जास्त असली तरी ओली माती बोटांत मळता आली, दोरी वळली, हाताला चिकटून राहिली, तर तिचं नाव क्ले (चिकणमाती). प्रयोगशाळेचा आलेख आला म्हणून लॉगवरची क्ले खोडून सँड लिहिणं, ही भारतातून आलेल्या इंजिनिअरकडून पहिल्या काही महिन्यांत हमखास होणारी चूक. त्याचा परिणाम थेट डिझाइनवर होतो: सँड म्हटलं की पुढचा माणूस निचरा होणारी माती धरून गणित मांडतो, आणि प्रत्यक्षात ती माती पाणी धरून बसलेली असते.

वर्णनाचा क्रमही ठरलेला आहे. आधी घट्टपणा, मग भेगा किंवा थर, मग रंग, मग दुय्यम घटक, मग मुख्य मातीचं नाव मोठ्या अक्षरांत आणि शेवटी कंसात भूगर्भीय फॉर्मेशन. 'घट्ट, कमी अंतरावर भेगा असलेली, करड्या छटांची तपकिरी, किंचित वाळूमिश्रित क्ले (लंडन क्ले फॉर्मेशन)' अशा धर्तीचं वाक्य. यातला भेगांचा उल्लेख गाळला तर ते नुसतं विस्मरण राहत नाही. भेगाळलेल्या क्लेचा ३८ मिमी व्यासाचा छोटा नमुना जी ताकद दाखवतो ती १०० मिमीच्या नमुन्यापेक्षा जास्त निघते, कारण छोट्या तुकड्यात भेगा येतच नाहीत. पुढे खोदकामाचा उतार मात्र त्या भेगांवरूनच सरकतो.

एसपीटीचा, म्हणजे बोअरहोलच्या तळाशी नळी ठोकून ठोके मोजण्याच्या चाचणीचा, हातोडा तोच ६३.५ किलोचा, फक्त ७५० ऐवजी ७६० मिमीवरून पडणारा. ठोक्यांची नोंद मात्र ७५ मिमीच्या सहा टप्प्यांत होते. पहिले दोन टप्पे सीटिंगचे, उरलेल्या चारांची बेरीज म्हणजे एन. प्रत्येक हातोड्याचं ऊर्जा-गुणोत्तराचं प्रमाणपत्र असतं आणि एनला त्या गुणोत्तराने गुणून साठाने भागलं की एन-साठ मिळतो. समजा एन २० आणि हातोड्याचं गुणोत्तर ७५ टक्के, तर एन-साठ २५. आयएस २१३१ मधली पाण्याखालच्या बारीक वाळूसाठीची दुरुस्ती, म्हणजे १५ पेक्षा जास्त असलेल्या भागाचं अर्धं करणं, तिथे आपोआप लावत नाहीत. लॉगवर नेहमी मूळ आकडा, दुरुस्त्या फक्त डिझाइनच्या कागदावर आणि त्याही कारणासकट. प्रमाणपत्र मागितल्याशिवाय एन-साठ लिहू नका.

जमिनीच्या बाबतीत तुमचा अनुभव वाया जात नाही, फक्त वेगळ्या जागी लागू पडतो. काळ्या मातीची फुगण्या-आकसण्याची समज लंडन क्लेवर उपयोगी पडते, पण तिथे ऋतूपेक्षा झाड जास्त महत्त्वाचं. नव्या घरांना हमी देणाऱ्या एनएचबीसी या संस्थेच्या मानकांतल्या प्रकरण ४.२ मध्ये सुधारित प्लॅस्टिसिटी इंडेक्सवरून आकुंचनक्षमता ठरते: प्लॅस्टिसिटी इंडेक्सला (पाण्याच्या किती मोठ्या पट्ट्यात माती मळता येते तो आकडा) ४२५ मायक्रॉनखालच्या अंशाने गुणायचं. १० ते २० कमी, २० ते ४० मध्यम, ४० च्या वर जास्त. झाडाचा प्रभाव नसेल तर पायाची किमान खोली अनुक्रमे ०.७५, ०.९ आणि १.० मीटर. ओकसारखं पाणी ओढणारं झाड जवळ असेल तर खोली झपाट्याने वाढते आणि २.५ मीटरच्या पुढे इंजिनिअरने वेगळं डिझाइन करावं लागतं. सगळ्यात फसवी जागा म्हणजे जिथलं झाड आधीच तोडलेलं आहे ती. कोरडी पडलेली क्ले पुढे कित्येक वर्षं पाणी पीत फुगत राहते आणि साइटवर तर झाड दिसतच नाही. म्हणून जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रं पाहिल्याशिवाय पायाची खोली ठरवायची नाही.

चॉक, म्हणजे मऊ पांढरा चुनखडक, मात्र बहुतेकांना पूर्ण नवीन असतो. ड्रिलिंगने आणि एसपीटीने तो चुरला जातो, मग लॉगवर पांढरी पेस्ट उरते आणि मूळ खडकाची रचना कळतच नाही. चॉकची प्रत भेगांचं अंतर आणि त्या किती उघड्या आहेत यावरून ठरवतात. त्यासाठी चांगला रोटरी कोअर किंवा ट्रायल पिट हवा, नुसता एन चालत नाही. शिवाय विरघळून झालेल्या पोकळ्या असतातच. आणि शहरी साइटवर वरचे दोन-तीन मीटर बहुधा मेड ग्राउंड असतं: जुन्या इमारतींचा राडारोडा, राख, कधी तेल, कधी अॅस्बेस्टॉस. त्यामुळे प्रदूषित जमिनीचं किमान ज्ञान नसेल तर तिथे टीम चालवता येत नाही. हा भाग पहिल्या दोन वर्षांतच शिकून घ्या.

आता डिझाइन. सेफ्टी फॅक्टर २.५ लावण्याची सवय असलेल्या माणसाला जिओटेक डिझाइनचं मानक, युरोकोड ७, सुरुवातीला उगाच वाकडं वाटतं. एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं की भीती जाते. लंडन क्लेमध्ये ६०० मिमी व्यासाची, १८ मीटर लांबीची सीएफए पाइल (लांब ऑगरने खोदून, तो वर काढताना काँक्रीट भरलेली) घ्या. बाजूची सरासरी अनड्रेन्ड शिअर स्ट्रेंथ (पाणी निघून जायला वेळ नसतानाची मातीची ताकद) ९० केपीए म्हणजे किलोपास्कल, टोकाशी १५०. अल्फा, म्हणजे त्या ताकदीचा पाइलच्या बाजूला लागणारा अंश, ०.५ धरला तर बाजूचं घर्षण ४५ केपीए आणि पृष्ठफळ ३३.९ चौरस मीटर, म्हणजे बाजूचा आधार सुमारे १,५२७ किलोन्यूटन. टोकाला ९ गुणिले १५०, क्षेत्रफळ ०.२८३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८२. एकूण १,९०९. भारतीय सवयीने २.५ ने भागा: ७६३ किलोन्यूटन.

युरोकोडला जोडलेल्या ब्रिटनच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे, म्हणजे नॅशनल अॅनेक्सप्रमाणे, आधी दोन्ही आकड्यांना मॉडेल फॅक्टर १.४ ने भागायचं. मग युरोकोडच्या दोन तपासण्यांपैकी दुसरीसाठी, म्हणजे कॉम्बिनेशन २ साठी, बाजूला १.६ आणि टोकाला २.० ने. बाजूचे ६८२ आणि टोकाचे १३६, मिळून ८१८. हा डिझाइन आधार. समोर भार येतो तो कायमचा १.० ने आणि बदलता १.३ ने गुणून. ७० टक्के कायमचा आणि ३० टक्के बदलता धरला तर सरासरी गुणक १.०९, म्हणजे मूळ भार ७५० किलोन्यूटन. ७६३ आणि ७५०, दोन्ही पद्धती जवळपास एकाच ठिकाणी पोचल्या.

फरक पुढे दिसतो. कामाच्या आधी वेगळी प्राथमिक पाइल घालून ती गणिताने काढलेल्या पूर्ण अंतिम आधारापर्यंत मेंटेन्ड लोड टेस्टने (भार टप्प्याटप्प्याने चढवून धरून ठेवण्याची चाचणी) तपासली, तर मॉडेल फॅक्टर १.४ वरून १.२ वर येतो. शिवाय एक टक्क्याहून जास्त पाइल प्रातिनिधिक भाराच्या किमान दीडपट भाराला तपासून खचणं मर्यादेत आहे असं दाखवलं, तर १.६ चा १.४ आणि २.० चा १.७ होतो. मग डिझाइन आधार १,०९६ आणि मूळ भार सुमारे १,००५. तीच पाइल, तीच माती, एक तृतीयांश जास्त भार. कॉम्बिनेशन १ मध्ये भार १.३५ आणि १.५ ने वाढतो, आधाराला फक्त मॉडेल फॅक्टर लागतो. तिथे १,४०२ विरुद्ध १,५९१, म्हणजे तेही बसतं. दोनशे पाइलच्या कामात चाचण्यांचा खर्च कुठे भरून निघतो हे क्लायंटला पाच मिनिटांत असं मांडून दाखवता आलं, की तुम्हाला पुढच्या बैठकीला बोलावलं जातं. टीम लीडची तयारी इथूनच सुरू होते.

या सगळ्याखाली एक शब्द आहे, ज्याच्यावर बहुतेक मुलाखती अडतात: कॅरॅक्टरिस्टिक व्हॅल्यू. युरोकोड त्याला सावध अंदाज म्हणतो. तो सरासरी नव्हे आणि सगळ्यात कमी आकडाही नव्हे. खोलीविरुद्ध ताकदीचा आलेख काढा. ट्रायअॅक्सिअलचे (नमुना दाबून ताकद मोजण्याच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचे) ठिपके आणि एसपीटीवरून काढलेले ठिपके (लंडन क्लेसाठी एनला साधारण ४.५ ने गुणतात) एकाच कागदावर वेगळ्या खुणांनी टाका. पाइलच्या बाजूला लांबच लांब माती काम करते, तिथे कमी-जास्त ताकद एकमेकांत भरून निघते, म्हणून रेषा सरासरीच्या थोडी खाली. टोकाशी किंवा लहान पायाखाली मातीचा छोटासा भाग काम करतो, तिथे रेषा आणखी खाली. रेषा कुठे आणि का काढली ते दोन वाक्यांत आलेखाखालीच लिहा. स्प्रेडशीटचा फॉर्म्युला कोणीही तपासतो. ही दोन वाक्यं ज्यांच्या रिपोर्टमध्ये सापडतात ते लोक फार थोडे आहेत. युरोकोडची दुसरी पिढी येते आहे आणि जुनी मार्च २०२८ पर्यंत मागे घेतली जाणार आहे. युरोकोड ७ आता तीन भागांत आहे: सामान्य नियम, जमिनीचे गुणधर्म आणि जिओटेक्निकल रचना. नवीन आलेल्या इंजिनिअरला ही चांगली संधी आहे, कारण या बदलात जुनेजाणतेही पुन्हा शिकत आहेत.

चार्टरशिपबद्दल. इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सकडे पदवीचं मूल्यमापन सगळ्यात आधी करून घ्या, पहिल्या नोकरीची वाट पाहू नका. भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन अॅकॉर्डचा कायम सदस्य झाला. तुमचा अभ्यासक्रम त्या चौकटीत मान्यताप्राप्त होता का, कोणत्या वर्षापासून, हे कॉलेजकडून लेखी घ्या. बीईवर एमटेक असेल तर दोन्हींचे अभ्यासक्रम आणि गुणपत्रकं पाठवा. मूल्यमापनात उणीव निघाली तरच पुढच्या शिक्षणाचा विचार करायचा. परीक्षण सात गुणांवर होतं: अभियांत्रिकीचं आकलन, व्यवस्थापन आणि नेतृत्व, व्यावहारिक म्हणजे पैशाची बाजू, सुरक्षा, शाश्वतता, संवाद आणि व्यावसायिक बांधिलकी. भारतातून आलेल्यांची पहिल्या गुणात क्वचित अडचण होते. अडतं ते तिसऱ्यात. कोटेशन, तासांचा हिशेब, बिल, क्लेम यांपासून आपल्याकडे डिझाइनरला बहुतेक दूरच ठेवतात. म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी एखाद्या लहान कामाचं फी प्रपोजल स्वतः तयार करायला मागा, आणि काम संपल्यावर अंदाजे तास आणि खरे तास शेजारी मांडा. चार्टरशिपच्या रिपोर्टमध्ये 'आम्ही' लिहिणं सोडा. परीक्षकांना टीमने काय केलं ते नको असतं, तुम्ही कोणता पर्याय का नाकारला ते हवं असतं.

चार्टर्ड झाल्यावर रोजेप, म्हणजे ग्राउंड इंजिनिअरिंग व्यावसायिकांची ब्रिटनमधली नोंदवही. आयसीई (वर आलेली इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स), जिओलॉजिकल सोसायटी आणि धातू-खनिज-पदार्थांची संस्था आयओएम३ मिळून ती चालवतात आणि तिच्यात प्रोफेशनल, स्पेशालिस्ट आणि अॅडव्हायझर अशा तीन पायऱ्या आहेत. टीम लीड होताना स्पेशालिस्ट असाल तर बोलण्याला वजन येतं. हायवेच्या कामांत सीडी ६२२ या दस्तऐवजाप्रमाणे डिझायनरचा जिओटेक्निकल अॅडव्हायझर नेमून द्यावा लागतो. ती खुर्ची हवी असेल तर आतापासूनच कामांची निवड त्या दिशेने करा.

लीड म्हणून रोजचं काम काय, याची लोकांना चुकीची कल्पना असते. डिझाइन थोडं, तपासणी खूप आणि त्याहून जास्त काम इन्व्हेस्टिगेशन नीट आखण्याचं. बोअरहोल उथळ थांबवणं ही सगळ्यात महागडी चूक. जुन्या युरोकोड ७ च्या दुसऱ्या भागातलं मार्गदर्शन सोपं आहे: पाइलच्या टोकाखाली पाइलगटाची लहान रुंदी, ५ मीटर आणि पाइलच्या व्यासाच्या तिप्पट, या तिघांतलं जे मोठं तेवढं खाली जा. पण इन्व्हेस्टिगेशनच्या वेळी पाइलची लांबी कोणाला माहीत असते? म्हणून आधी कच्चं गणित करून लांबी काढायची, मगच बोअरहोलची खोली लिहायची. पुष्कळ ठिकाणी उलट होतं. मागच्या कामाची यादी कॉपी होते, सगळे बोअरहोल २० मीटर, आणि डिझाइनच्या वेळी २५ मीटरची पाइल निघते. पाण्याचंही तसंच. केबल परकशनने (दोरीला बांधलेलं अवजड हत्यार आपटून) वाळूत खोदताना ड्रिलर पाणी ओततो, मग लॉगवर पाण्याची पातळी लागलेली दिसतच नाही. स्टँडपाइपचं (पाण्याची पातळी मोजायला बोअरहोलमध्ये ठेवलेली नळी) एकच रीडिंग, तेही उन्हाळ्यातलं, डिझाइनला पुरत नाही. किमान एक हिवाळा रीडिंग घेण्याचे पैसे पहिल्याच प्रपोजलमध्ये टाका, नंतर ते कोणी देत नाही. सल्फेटच्या चाचण्याही सुरुवातीलाच मागा. लंडन क्लेत पायराइट असतो. तो खोदून हवेशी आल्यावर सल्फेट वाढतं आणि काँक्रीटचा वर्ग बदलावा लागतो.

कायद्याच्या नजरेत ग्राउंड इन्व्हेस्टिगेशन हेही बांधकामच. बांधकामातल्या सुरक्षेच्या नियमांच्या, म्हणजे सीडीएम २०१५ च्या, व्याख्येत ते येतं, म्हणून क्लायंट, प्रिन्सिपल डिझायनर, डिझायनर या सगळ्यांची कर्तव्यं बोअरहोलच्या पहिल्या दिवसापासून लागू. जमिनीखालच्या केबल आणि पाइपांचे नकाशे, मग डिटेक्टरने शोध, मग १.२ मीटरपर्यंत हाताने खोदलेला खड्डा, आणि त्यानंतरच रिग. नकाशावर काही नाही म्हणून हाताचा खड्डा गाळणं हा विजेच्या केबलला धडकण्याचा नेहमीचा रस्ता. लंडनसारख्या शहरात दुसऱ्या महायुद्धातल्या न फुटलेल्या बॉम्बचा अभ्यासही यादीत असतो.

एक विषय जवळून दाखवतो, कारण लीडची कसोटी बहुतेकदा त्यावर लागते: पाइलिंग रिगखालचा वर्किंग प्लॅटफॉर्म. साठ-सत्तर टनांची रिग, वर उंच मास्ट. दगडाच्या थराची जाडी ठरवायला बीआर ४७० ही पद्धत वापरतात आणि खालची क्ले साधारण २० ते ८० केपीएच्या दरम्यान असेल तेव्हाच तिची पंचिंगची (दगडाचा थर खाली क्लेत घुसण्याची) पद्धत लागू होते. रिग चालताना किंवा उभी असताना जमीन दबली तर ऑपरेटरला सावरायला वाव नसतो, म्हणून त्या स्थितीला जास्त फॅक्टर. ड्रिलिंग करताना किंवा ऑगर ओढताना तो ताण सोडू शकतो, म्हणून कमी. गणित तासाभराचं आहे. अपघात होतात ते गणिताबाहेर: जुना ट्रायल पिट ढिल्या मातीने भरलेला आणि त्याची जागा कोणी नकाशावर न टाकलेली, नंतर खोदलेली ड्रेनेजची चर दगडाने न भरता मातीने बुजवलेली, प्लॅटफॉर्मच्या कडेशी रिग वळवलेली, पावसानंतर चिखल दगडात वर आलेला. म्हणून डिझाइनसोबत चार गोष्टी लिहून द्या: ट्रायल पिट कुठे होते, कडेपासून रिगने किती दूर राहायचं, खोदल्यास कसं भरायचं, आणि रोज सकाळी कोणी पाहून सही करायची. पाइलिंग कॉन्ट्रॅक्टर वर्किंग प्लॅटफॉर्मचं प्रमाणपत्र मागतोच. त्यावरची सही कोणाची आणि कोणत्या अधिकाराने, हे साइटवरच्या तात्पुरत्या कामांची जबाबदारी असलेल्या टेंपररी वर्क्स कोऑर्डिनेटरशी बोलून आधी ठरवा. तपासणीचा वर्ग तात्पुरत्या कामांच्या बीएस ५९७५ या मानकाप्रमाणे, शून्य ते तीन.

तपासणीची एक पद्धत सांगतो. ज्युनिअरचं कॅल्क्युलेशन उघडण्याआधी हाताने, कागदावर, दहा मिनिटांत अंदाजे उत्तर काढा. मग उघडा. दोन्हींत वीस टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी मातीचे आकडे पाहा, फॉर्म्युले नंतर. चूक बहुतेकदा तिथेच असते: चुकीचा बोअरहोल, पाण्याची चुकीची पातळी, किंवा केपीए आणि किलोन्यूटनची गल्लत. आणि ज्युनिअरला लाल शाईच्या खुणांसोबत कारणही लिहून द्या. नाहीतर तीच चूक पुढच्या महिन्यात परत येते.

कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूला काम केलंत तर एनईसी४ या ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या नमुना-कराराचं कलम ६०.१(१२) पाठच करा. जमिनीची जी स्थिती सापडली ती सापडण्याची शक्यता अनुभवी कॉन्ट्रॅक्टरने इतकी कमी मानली असती, की तिच्यासाठी तरतूद करणं अवाजवी ठरलं असतं, तरच भरपाई. म्हणजे सगळा वाद इन्व्हेस्टिगेशन रिपोर्टमध्ये काय लिहिलं होतं यावर येतो. आठ आठवड्यांत कळवलं नाही तर साधारणपणे हक्क जातो. म्हणून अडचण दिसली त्याच दिवशी फोटो, खोली, वेळ, रिगचा लॉग, आणि अर्ली वॉर्निंग (करारातली लेखी पूर्वसूचना).

बाई म्हणून वेगळं काय, हाही प्रश्नाचाच भाग आहे. अधिकार गाजवून सिद्ध करण्याची गरज नाही, पण सोयी मागताना संकोचही नको. सीडीएमच्या परिशिष्ट २ प्रमाणे स्त्री-पुरुषांसाठी स्वच्छतागृहाच्या वेगळ्या खोल्या हव्यात, किंवा प्रत्येक स्वच्छतागृह आतून कडी लागणाऱ्या स्वतंत्र खोलीत हवं. दोन दिवसांच्या बोअरहोलसाठी शेतात गेलेल्या रिगसोबत हे हमखास राहून जातं, कारण बिल ऑफ क्वांटिटीजमध्ये फिरत्या वेल्फेअर युनिटची ओळच नसते. लीड झालात की ती ओळ स्वतः टाका. तुमच्या टीममधल्या मुलींना मग ते दर वेळी मागावं लागत नाही. बूट आणि हातमोजे मापाचे मागा. मोठ्या हातमोज्याने रिगजवळ काम करणं धोक्याचं आहे.

गरोदरपण कळवल्यावर कंपनीला धोक्यांचं वैयक्तिक मूल्यमापन करावं लागतं आणि त्यात प्रदूषित जमीन, कंपन आणि उचलण्याची कामं यांचा उल्लेख असायला हवा. रजा ५२ आठवड्यांपर्यंत, वैधानिक वेतन ३९ आठवडे: पहिले ६ आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के, पुढचे ३३ ठरलेल्या दराने किंवा ९० टक्के, यांतलं जे कमी ते. त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याच्या १५ आठवडे आधीपर्यंत त्याच कंपनीत २६ आठवडे सलग नोकरी झालेली हवी. म्हणून नोकरी बदलण्याचा बेत आणि हा बेत एकत्र बसून आखा. व्हिसावर 'सार्वजनिक निधी नाही' असं लिहिलेलं असतं म्हणून अनेक जणी हे वेतन मागायला घाबरतात. ते सार्वजनिक निधीत मोडत नाही, हक्काने घ्या. रजेत दहा दिवसांपर्यंत कामावर येता येतं. त्यातले दोन-तीन तरी डिझाइन रिव्ह्यूसाठी ठेवले तर परतल्यावर प्रकल्पाचा धागा हातात राहतो. लवचीक वेळेची विनंती एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून करता येते; अर्धवेळ टीम लीड ही तिथे नवलाची गोष्ट नाही.

परदेशात जाऊन या क्षेत्राच्या अग्रभागी पोचलेल्या स्त्रिया आहेत. कॅनडातून नॉर्वेला गेलेल्या सुझान लाकास यांनी १९९१ ते २०११ अशी वीस वर्षं नॉर्वेजियन जिओटेक्निकल इन्स्टिट्यूट चालवली आणि २०१५ मध्ये लंडनचं रँकिन व्याख्यान दिलं. त्यांचा विषय होता धोका आणि विश्वासार्हता, म्हणजे जमिनीतली अनिश्चितता मोजून मांडणं.

निघण्यापूर्वीचं एक काम उरलं. आतापर्यंत केलेल्या कामांपैकी चार-पाच निवडा, ज्यात निर्णय तुमचा होता. प्रत्येकासाठी एक पान: जमीन कशी होती, काय माहीत नव्हतं, कोणते पर्याय होते, काय निवडलं, पाइल टेस्टमध्ये किती खचलं आणि गणितात किती निघालं होतं. क्लायंटचे गोपनीय कागद घेऊन जाऊ नका, पण त्या पानावर तुमच्या वरिष्ठांची तारखेसह सही घ्या आणि त्यांचा चालू ईमेल लिहून घ्या. कंपनी सोडल्यानंतर दोन वर्षांनी ही सही मिळवणं जवळपास अशक्य होतं, आणि चार्टरशिपच्या फाइलमध्ये भारतातल्या सात वर्षांचा पुरावा म्हणून तुमच्याजवळ तीच असते.